पोर्तुगीज, स्पॅनिशमधले विशेषणांचे प्रत्यय लक्षात कसे ठेवावेत? त्यासाठी लॅटिन शिकावं लागतं का?

अख्खं लॅटिन शिकायची गरज नाही. पण लॅटिन प्रत्यय झिजत कसे गेले हे न बघता नुसते तक्ते घोकलेत, तर सहा महिन्यांत सगळं विसराल. मी विसरलो होतो.

पणजीत पोर्तुगीज शिकत होतो तेव्हाची गोष्ट. मी बाईंना विचारलं, गोव्याचा तो 'गोएश', मग मकावचा 'मकाएन्स' आणि तिमोरचा 'तिमोरेन्स' का? बाई म्हणाल्या, "भाषेला 'का' विचारायचं नसतं, पाठ करायचं." वर्ग हसला. ते हसणं मला अजून लागतं.

अहो, दोन्हीकडे लॅटिनचा '-एन्सिस' हाच प्रत्यय आहे, 'अमुक ठिकाणचा' या अर्थाचा! बोलताबोलता लोकांनी 'स'आधीचा 'न' गिळला. 'मेन्सा'ची (टेबल) 'मेझा' झाली, 'मेन्सिस'चा (महिना) 'मेश' झाला, तसाच हा '-एश'. '-एन्स' मात्र शिकल्यासवरलेल्यांनी पुढे पुस्तकी लॅटिनमधून उचलला, म्हणून त्याचा 'न' शाबूत. आपल्याकडे 'हात' तद्भव आणि 'हस्त' तत्सम, तसंच.

त्याच आठवड्यात 'आज्ञापत्र' (रामचंद्रपंत अमात्यांचा मराठेशाहीतला राजनीतीवरचा ग्रंथ) चाळताना टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची यादी दिसली: फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच)... मी ताडकन उठून बसलो. पोर्तुगीजांचे 'इंग्लेश' आणि 'ओलांदेश'! अनेकवचनात त्या 'श'चा 'झ' होतो, 'इंग्लेझिश'. म्हणजे इंग्रज-वलंदेजांच्या शेपटीला लॅटिनचाच प्रत्यय, पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्या दप्तरात उतरलेला. दुसऱ्या दिवशी वहीत लिहून नेलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "वर्गात मराठी आणू नका."

असो. तुमच्यासाठी '-ओसुस' धरा. लॅटिन 'पेरिकुलोसुस' (धोक्याचं) पोर्तुगीजमध्ये 'पेरिगोझु', स्पॅनिशमध्ये 'पेलिग्रोसो'. मग '-बिलिस': 'अमाबिलिस'चं (प्रेम करण्याजोगं) पोर्तुगीजमध्ये 'अमावेल', स्पॅनिशमध्ये 'अमाब्ले'. एका भाषेतलं विशेषण आलं की दुसरीतलं निम्मं आलंच. '-आलिस' तुम्हीच शोधा, सोपा आहे.

हां, एक राहिलं. शेवटी '-एश' दिसला की तो प्रत्ययच असं समजू नका, वरच्या 'मेश'मध्ये तो नाही. आणि सगळेच प्रत्यय निव्वळ लॅटिन नाहीत, इटालियनच्या '-एस्को'त जर्मानिक भाषांचाही हात मानतात.

शिक्षक 'पाठ करा' म्हणाले तर करा, मार्क त्यांच्याच हातात असतात. पण 'का' मागच्या पानावर लिहून ठेवा. माझं ते पान अजून आहे. बाई हे वाचत असतील तर फोटो टाकतो.