तापीच्या वाळूत मेटल डिटेक्टर

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील सेवानिवृत्त शिक्षक आहे. दिवाळीत मुलाकडे गेलो असता त्याचे मेटल डिटेक्टर घेऊन आम्ही दोघे पहाटे समुद्रकिनारी फिरलो आणि दोन तासांत काही नाणी, एक किल्ली व पुष्कळशी बाटल्यांची झाकणे मिळाली. ते यंत्र त्याने आता मलाच देऊन टाकले आहे. आमच्याकडे समुद्र नाही, पण तापी आहे. प्रकाशा येथे नदीकाठी हा छंद चालवता येईल काय? तेथे यंत्र तितकेच चांगले चालेल काय, आणि काही जुने सापडले तर ते माझे होईल काय?

उत्तर : छंद चालवता येईल, मात्र नदीचा कोणता भाग आपण निवडता यावर सारे अवलंबून आहे. पात्रातल्या वाळूत यंत्र खुशाल फिरवावे, पण गावालगतच्या उंच दरडीवर आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीवर ते नेऊच नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगण्यापूर्वी यंत्राविषयी थोडे लिहितो.

यंत्राच्या खालच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो, त्यामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र पसरते, वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र चकतीपर्यंत परत आले की हेडफोनमध्ये आवाज उमटतो. समुद्रकिनाऱ्यावरची ओली वाळू खारी असल्यामुळे स्वतःच वीज वाहते, म्हणून ओहोटीच्या रेषेजवळ साधे यंत्र कारण नसताना कुरकुरते आणि लोक बसतात त्या वरच्या कोरड्या वाळूत शांत होते. तापीचे पाणी गोडे असल्याने ही अडचण आपल्याला येणार नाही, मात्र तिची जागा दुसरी अडचण घेईल. गिरणा आणि पांझरा यांसारख्या आपल्या नद्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून वाहत येऊन तापीला मिळतात. त्या पाषाणातील मॅग्नेटाइट हे लोहखनिज जड असल्यामुळे प्रवाह मंदावतो तेथे वाळूत काळ्या पट्ट्यांच्या रूपाने साचते आणि त्यावरून जाताना यंत्र उगाच वाजते. साधे लोहचुंबक कागदात गुंडाळून अशा पट्टीवरून फिरवले, तर त्यावर काळ्या कणांची दाढी उगवलेली दिसेल. (तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, तेथील डुमसचा किनारा काळ्या वाळूसाठीच प्रसिद्ध आहे, म्हणजे समुद्रावर जाऊनही आपली सुटका नाही.) यावर उपाय असा की, यंत्र जमिनीशी जुळवून घेण्याची जी सोय असते ती वाळूचा रंग बदलेल तेथे पुन्हा वापरावी, संवेदनक्षमता थोडी उतरवावी आणि चकती दोन्ही दिशांनी फिरवताना एकाच जागी ठामपणे येणाऱ्या आवाजावरच खणावे. स्वच्छ वाळूत रुपयाएवढी वस्तू साधारण 15 ते 20 सेंटीमीटरपर्यंत कळते, काळ्या वाळूत त्याहून कमी.

एक चूक नवखे बहुधा करतात. खिळे आणि तारा टाळण्यासाठी ते लोखंड वगळण्याची सोय चालू ठेवतात. पुलावरून जाताना नदीला नाणे वाहण्याची आपली रीत आहे, आणि दोरीला चुंबक बांधून ती नाणी ओढणारी मुलेही आपण पाहिली असतील. ती चुंबकाला चिकटतात, कारण आपली हल्लीची एक व दोन रुपयांची पुष्कळ नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत. लोखंड वगळले की ही नाणीही वगळली जातात. अर्थात त्या मुलांच्या वाट्याची नाणी सेवानिवृत्त माणसाने यंत्र लावून उचलावीत काय, हे आपणच ठरवा.

आता मालकीविषयी. नुकत्याच हरवलेल्या वस्तूचा मालक सापडण्याजोगा असेल तर ती आपली होत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 71 नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी 1878 चा निखात निधी कायदा आहे. त्यानुसार 10 रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास काय सापडले, कोठे आणि केव्हा सापडले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून ठेवा सरकारी कोषागारात जमा करावा लागतो किंवा त्यासाठी जामीन द्यावा लागतो. ही 10 रुपयांची मर्यादा आजच्या वाचकाला हसवते, पण ती कायद्यात तशीच आहे. न कळवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याखेरीज 100 वर्षांहून जुने नाणे किंवा मूर्ती 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही.

दरडीबद्दल मी इतका आग्रही आहे याचे कारण प्रकाशा हेच गाव आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या या गावी 1955 च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे एकावर एक साचलेले थर उघड केले. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठचे बहाळ हेही तसेच गाव. अशा थरातले तांब्याचे एखादे नाणे कोणत्या खापराशेजारी, कोणत्या राखेखाली होते, यावरून त्या थराचा काळ ठरतो. तेच नाणे आपल्या खिशात आले की केवळ हिरवट चकती उरते. इंग्लंडमधील हॉक्सने येथे 1992 मध्ये एक गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत असताना रोमन काळातील सोन्याचांदीचा प्रचंड साठा लागला. त्यांनी थोडे खणून हात थांबवला आणि कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना बाकीचा साठा कसा ठेवला होता ते जागेवर नोंदवता आले. आपल्यालाही वाळूत चुकून काही जुने लागलेच, तर खड्डा तसाच ठेवून छायाचित्र घ्यावे आणि तहसील कार्यालयात कळवावे.

प्रश्न : कपाशी वेचताना माझ्या सुनेची सोन्याची अंगठी शेतात पडली. यंत्राने ती मिळेल काय? (चोपडा)

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे, मात्र आधी नांगरट थांबवा. वर पडलेली अंगठी यंत्राच्या आवाक्यात असते, पण नांगराने मातीची उलथापालथ झाली की ती खोल जाऊ शकते आणि जागाही बदलते. सुनेला त्या दिवशी वेचलेल्या ओळी आठवून सांगायला लावा आणि तेवढ्याच भागात दोरी बांधून पट्टे पाडा. शोध सुरू करण्यापूर्वी तशीच दुसरी अंगठी दोऱ्याला बांधून चार बोटे मातीत पुरावी आणि त्याच शेतात यंत्र कसा आवाज देते ते ऐकावे. लहान अंगठीचा आवाज गुटख्याच्या पुडीतल्या चंदेरी कागदासारखाच येतो, त्यामुळे असा प्रत्येक आवाज खणून पाहावा लागेल. अखंड वळे चांगले कळते. तीच वस्तू नाजूक साखळी असती, तर कड्या सुट्या सुट्या असल्याने मी एवढी आशा दाखवली नसती. जळगावच्या सराफ बाजारातला झारेकरी दुकानाचा केर धुऊन सोन्याचा कण काढतो. त्याच्याएवढी चिकाटी ठेवलीत, तर एका सकाळी निराश होऊन परतणार नाही.

प्रश्न : वीस फूट खोलीवरचे सोने दाखवणारे यंत्र एक जण दीड लाखाला देतो आहे. घ्यावे काय? (भडगाव)

उत्तर : घेऊ नये. हातात धरायचे कोणतेही यंत्र वीस फुटांखालचे सोने ओळखून वेगळे सांगत नाही. मोठ्या चकतीची यंत्रे मोठी वस्तू दोन-चार फुटांवर दाखवतात, पण तीसुद्धा धातू कोणता हे खात्रीने सांगत नाहीत. हातात फिरणाऱ्या दोन सळया असलेले यंत्र तर डिटेक्टर नसतेच. विक्रेत्यासमोरच एक तोळा सोने आणि एक तोळा शिसे त्याला न दाखवता वेगवेगळ्या ठिकाणी दोन फुटांवर पुरा आणि कोणते कोठे आहे ते त्याच्याकडून दहा वेळा ओळखून घ्या. त्याने यंत्राबरोबर पूजाविधी सुचवला, तर थेट पोलीस ठाण्यात जा, कारण गुप्तधनाच्या नावाखाली केले जाणारे अघोरी प्रकार राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहेत.