राजीनामा द्या, पण तारीख मोजून

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"वय ३८. लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, १६ ऑगस्ट २०२१ पासून. एकूण पगार ८४,०००, त्यात बेसिक ४२,०००. ऐरोलीच्या एका कंपनीची २२ टक्के वाढीची ऑफर आली आहे. २२ जूनला, सोमवारी राजीनामा द्यायचा विचार आहे. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा, पण त्यांना मी २२ जुलैलाच हवी आहे. उरलेल्या महिन्याचे पैसे भरायची त्यांची तयारी आहे. मिस्टर म्हणतात, 'पैसे ते भरतायत ना, मग मोकळी हो.' साहेबांनी दोन वर्षं जे ऐकवलं ते सगळं एकदा राजीनाम्यात लिहून टाकणार आहे. पीएफचे ४,६०,००० काढून घराच्या कर्जात भरू का? हप्ता ३१,००० आहे. सासूबाईंना डायबिटीस आहे, त्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आहेत."

ताई, नोकरी बदलायची की नाही हे तुम्ही ठरवलेलंच आहे आणि ते मला पटतंय. माझं भांडण फक्त त्या २२ जुलैशी आहे.

तुमची पाच वर्षं १५ ऑगस्टला पूर्ण होतात. कायम नोकरीत पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या एकरकमी पैशांचा, हक्क लागतो. हिशेब सोपा आहे: बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले पाच. म्हणजे १,२१,१५४ रुपये, आणि त्यावर कर शून्य. २२ जूनला पत्र देऊन पूर्ण ६० दिवस भरले, तर शेवटचा दिवस येतो २० ऑगस्ट. म्हणजे पाच दिवस राखून हक्क पदरात पडतो. मधला महिना विकत घेतला, की तुम्ही चार वर्षं अकरा महिन्यांवर बाहेर पडता.

आता दुसरं पारडं बघा. महिनाभर आधी रुजू होऊन तुम्हाला नक्की काय मिळणार? वाढ महिन्याला १८,४८०. बस, एका महिन्याची घाई तेवढ्याचीच आहे. नोटिशीचे पैसे नवी कंपनी भरणार हे खरं, पण ते जुन्या कंपनीच्या खिशात जातात. तुमच्या खात्यात त्यातलं काही येत नाही.

"पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पाच वर्षं धरतात," असं तुम्हाला ऑफिसात कोणीतरी सांगेलच. मद्रास उच्च न्यायालयाने तसा अर्थ लावलेला आहे. पण प्रत्येक कंपनी तो आपणहून मानते असं नाही, आणि सव्वा लाखासाठी मागे लागत बसायची तुमची तयारी आहे का? एचआरने लेखी दिलं तर गोष्ट वेगळी. तोंडी "हो हो, मिळेल" याला किंमत नाही.

म्हणून आधी ऐरोलीला मेल करा. कारणं सांगत बसू नका. "हातातलं ऑडिटचं काम पूर्ण सोपवून मी २१ ऑगस्टला रुजू होऊ शकेन" एवढं पुरे. आपल्या आधीच्या मालकाला अर्ध्यावर टाकून न येणारा माणूस नव्या मालकालाही सहसा आवडतो. ते अडलेच, तर १,२१,००० जॉइनिंग बोनस म्हणून मागा आणि वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करावा लागतो का, ते वाचून घ्या. आणि तेही नाही म्हणाले, तर? तर जा. वर्षाची वाढ २,२१,७६० होते. ग्रॅच्युइटीपायी ती नोकरी घालवू नका. पण मागितल्याशिवाय सोडूही नका.

यात एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. पत्र दिल्यावर कंपनी "उद्यापासून येऊ नका" म्हणू शकते. नेमणूकपत्रात लवकर मोकळं करण्याचं कलम आहे का ते बघा. असेल, तर पत्र १६ ऑगस्टनंतर देणं जास्त सुरक्षित, पण मग ऐरोलीला ऑक्टोबरपर्यंत थांबवावं लागेल. माझा अंदाज असा की जून ते ऑगस्ट हे ऑडिटचे दिवस, अकाउंट्सच्या माणसाला तेव्हा कोणी घरी पाठवत नाही. तुमच्या साहेबांचा स्वभाव मात्र तुम्हीच ओळखता. शिल्लक रजा नोटिशीत वळती करू देऊ नका, त्याने शेवटचा दिवस अलीकडे येतो. रजेचे पैसे घ्या.

आता पत्राकडे. साहेबांना आधी समोरासमोर सांगा, पाच मिनिटं, दार लावून. मेल त्यानंतर, त्याच दिवशी. मजकूर इतकाच:

"मी आज, २२ जून २०२६ रोजी, माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. ६० दिवसांच्या नोटिशीनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस २० ऑगस्ट २०२६ असेल. तोपर्यंत सर्व काम मी व्यवस्थित सोपवीन. इथे शिकायला मिळालं, त्याबद्दल आभारी आहे."

या चार ओळींत पैशाची ओळ दुसरी आहे. तारीख स्पष्ट लिहा, "नियमानुसार" म्हणून सोडू नका. मेलची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा, कारण ऑफिसचा लॉगिन बंद झाला की काही हाती राहत नाही. साहेबांचा पाढा वाचायचा असेल तर तो घरी वहीत वाचा. रिलिव्हिंग लेटर, ग्रॅच्युइटीचा अर्ज, पीएफमधली सोडल्याची तारीख, सगळ्यावर त्याच माणसाची किंवा त्याच्या शेजारच्याची सही लागणार आहे. मलाही असं पत्र लिहायचा मोह एकदा झाला होता. लिहिलं, बायकोला वाचून दाखवलं, फाडलं. फार बरं वाटलं.

पीएफ: काढू नका. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. काढायला गेलात तर पाच वर्षांची सेवा आधी तपासली जाते. २२ जुलैला, पाच वर्षं भरायच्या आत, सोडून पीएफ काढला असता तर टीडीएसही कापला गेला असता आणि कंपनीचा वाटा व त्यावरचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं गेलं असतं. तुमचं यंदाचं उत्पन्न दोन्ही नोकऱ्या मिळून साधारण साडेअकरा लाख होईल. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १२ लाखांच्या आत असल्यावर कर लागत नाही, तुम्ही त्या रेषेच्या आत आहात. पीएफची ती रक्कम तुम्हाला रेषेपलीकडे ढकलू शकली असती. शिवाय २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालं, घराचं कर्ज त्याच्याच आसपास असतं. मग फोडायचं कशाला? (जॉइनिंग बोनस घेतलात तर हाच हिशेब पुन्हा करा. आणि पहिल्या पाच महिन्यांचा पगार नव्या कंपनीला कळवा, नाहीतर वजावट दोनदा धरली जाते.)

सासूबाईंचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. ऐरोलीच्या पॉलिसीत सासू-सासरे बसतात का, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. कित्येक ठिकाणी फक्त नवरा-बायको आणि मुलं असतात. बसत नसतील, तर सोडण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत रूपांतर करायचा अर्ज द्या. त्यात आधीच्या वर्षांची गणती मिळते. नवी पॉलिसी घेतली, तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. आणि जुनी नोकरी सोडून नवीवर रुजू होण्याच्या मध्ये आठ दिवस गावी जायचा बेत असेल, तर तो रद्द. त्या आठ दिवसांत सासूबाई कोणत्याच कागदावर नसतील.

हातातल्या पैशाचं गणित सप्टेंबरमध्ये अडकेल. ऑगस्टच्या वीस दिवसांचा पगार फायनल सेटलमेंटमध्ये जातो. वेतन संहितेप्रमाणे तो दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, पण त्या भरवशावर हप्ता ठेवू नका. २१ ऑगस्टला रुजू झालेल्याचा पहिला पगार कधीकधी थेट सप्टेंबरअखेर येतो. म्हणजे सप्टेंबरचा हप्ता, आणि १४ सप्टेंबरला गणपती. आजपासूनच दोन हप्त्यांचे ६२,००० बाजूला काढा, बचत खात्यात, एफडीत नको. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, ती आली की तिथून भरून काढा.

आणि हो, करी रोडचा लोकलचा तीन महिन्यांचा पास यावेळी काढू नका. महिन्याचाच काढा, मग पुढचा थेट ऐरोलीचा.