रोलाँ गारोस टेनिसपटू नव्हता, मग कोण होता?

तुम्ही विचारलंय की फ्रेंच ओपनचं मैदान ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो रोलाँ गारोस खरंच लढाऊ वैमानिक होता का, आणि फ्रान्सच्या लष्करी विमानदळात नाव काढलेली आणखी कोणती माणसं होती. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळे वैमानिकाबद्दल वाचताना माझं लक्ष आधी इंजिनाकडे आणि जमिनीवर उभ्या असलेल्या मेकॅनिककडे जातं. उत्तर त्या बाजूने झुकलेलं वाटेल, तर ते तसंच आहे.

हो, गारोस लष्करी वैमानिक होता. जन्म ६ ऑक्टोबर १८८८, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर. सायकल शर्यती, रग्बी यांत तो रमायचा. टेनिसमध्ये त्याचं नाव कधीच नव्हतं. १९०९ मध्ये रँस शहरात विमानांचा मोठा मेळावा भरला, तो पाहून त्याने उडायचं ठरवलं आणि चारच वर्षांत, २३ सप्टेंबर १९१३ रोजी, भूमध्य समुद्र न थांबता ओलांडला. दक्षिण फ्रान्समधलं फ्रेज्यूस ते ट्युनिशियातलं बिझर्त, सुमारे ७८० किलोमीटर, जवळजवळ आठ तास. खाली पाणी, पुढे एकच इंजिन. उतरला तेव्हा टाकीत सुमारे पाच लिटर पेट्रोल उरलं होतं. त्या काळच्या इंजिनांचा भरवसा किती असायचा हे ज्याला माहीत आहे, त्याला या आकड्याने घाम फुटेल.

पण विमानांच्या इतिहासात त्याची खरी जागा आहे ती युद्धात केलेल्या एका जुगाडामुळे. जुगाड हा शब्द मी मानाने वापरतोय. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा विमानं टेहळणीसाठी होती. हवेत लढायचं तर सगळ्यात सोयीची जागा म्हणजे विमानाचं नाक: वैमानिकाने अख्खं विमानच शत्रूवर रोखायचं आणि चाप ओढायचा. अडचण अशी की नाकापुढे स्वतःचाच पंखा फिरत असतो. पातं समोर असताना बंदूक थांबेल अशी यंत्रणा रेमाँ सोल्निए या निर्मात्याने करून पाहिली होती. पण त्या वेळच्या काडतुसांपैकी काही क्षणभर उशिरा उडायची, आणि तेवढ्या उशिरात पातं समोर आलेलं असायचं. मग गारोस, त्याचा मेकॅनिक ज्यूल ह्यू आणि कारखान्यातली मंडळी यांनी दुसरा मार्ग धरला. पात्यांवर गोळीच्या रेषेत पोलादी पाचरी बसवल्या. बहुतेक गोळ्या पात्यांच्या मधून निघून जायच्या, एखादी लागलीच तर पाचरीवरून घसरून बाजूला जायची. प्रत्येक आघात पंख्यातून इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोचायचा, म्हणजे इंजिनाचे हाल ठरलेलेच. तरी ते चाललं. १ एप्रिल १९१५ रोजी गारोसने अशा विमानातून एक जर्मन विमान पाडलं आणि पुढच्या अडीच आठवड्यांत आणखी दोन.

१८ एप्रिलला त्याला बेल्जियममध्ये जर्मन हद्दीत उतरावं लागलं. विमान जाळून टाकायचा प्रयत्न त्याने केला, पण ते पुरतं जळलं नाही आणि पाचरींचा पंखा जर्मनांच्या हाती लागला. यावरून एक कथा सगळीकडे सांगतात: तो पंखा पाहून जर्मनांसाठी विमानं बनवणाऱ्या फोकरने दोन दिवसांत आपली यंत्रणा शोधली. ही कथा जशीच्या तशी मला मान्य नाही. बंदूक आणि पंखा यांची सांगड घालण्याचं पेटंट फ्रान्झ श्नायडर या अभियंत्याने १९१३ मध्येच घेतलं होतं, आणि फोकरच्या माणसांचंही त्यावर काम चालू होतं. पाचरींची नक्कल जर्मनांना जमणारी नव्हती, कारण त्यांच्या गोळ्यांचं आवरण पोलादी होतं आणि त्या पाचरीच फोडत. गारोसच्या पंख्याने त्यांना घाई करायला लावली, एवढं नक्की. १९१५ च्या उन्हाळ्यापासून फोकरची विमानं दोस्तांवर भारी पडू लागली.

गारोस जवळजवळ तीन वर्षं कैदेत होता. दरम्यान डोळे अधू झाले. फेब्रुवारी १९१८ मध्ये अनसेल्म मार्शाल या दुसऱ्या वैमानिकाबरोबर जर्मन अधिकाऱ्यांचे वेष करून तो निसटला आणि हॉलंडमार्गे मायदेशी पोचला. आता विमानं बदलली होती, लढायची रीत बदलली होती, आणि त्याला मागे सल्लागार म्हणून ठेवायची सरकारची तयारी होती. तो ऐकेना. चष्मा लावून नव्याने शिकला आणि आघाडीवर परतला. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी आर्देन भागात व्हूझिएजवळ तो पडला. दुसऱ्या दिवशी तीस वर्षांचा झाला असता. युद्ध संपायला पाच आठवडे राहिले होते.

मैदानाचं असं झालं: १९२७ मध्ये फ्रान्सने डेव्हिस कप जिंकला, पुढच्या वर्षी तो राखण्यासाठी पॅरिसमध्ये नवं मैदान हवं होतं. जागा देणाऱ्या स्ताद फ्राँसे क्लबचे अध्यक्ष एमिल लेसियर गारोसचे शाळूसोबती. जागा देताना त्यांनी एकच आग्रह धरला, नाव आपल्या मित्राचं द्यायचं.

गारोसच्या नावावर पाडलेली एकूण चार विमानं. लढाऊ वैमानिकाला मानाने 'एस' म्हणायला पाच लागत. फ्रेंचमध्ये पत्त्यातल्या एक्क्याला 'आस' म्हणतात, त्यावरून तो शब्द आला, आणि असा पहिला एक्का म्हणून नाव झालं अदोल्फ पेगूचं. इथे आपल्याशी जोडणारा एक धागा आहे. पेगू हा विमानं बनवणाऱ्या लुई ब्लेरिओचा वैमानिक, १९१३ मध्ये विमान हवेत उलटं फिरवून दाखवणारा. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो इथे ब्लेरिओ आणि टाटा कुटुंबांची घरं जवळजवळ होती. आई फ्रेंच असलेले जेआरडी टाटा लहानपणी तिथल्या वाळूवर पेगूची विमानं उतरताना पाहत. पेगू ३१ ऑगस्ट १९१५ ला मारला गेला. त्याला पाहून वेडावलेल्या त्या मुलाने १९२९ मध्ये मुंबईत भारतातला पहिला वैमानिक परवाना घेतला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरला.

आकड्यांनी मोजायचं तर रने फाँक सगळ्यांच्या पुढे, ७५ विमानं, आणि दोनदा एका दिवसात सहा-सहा. पण फ्रान्सच्या काळजात जागा मिळाली ती जॉर्ज गिनमेरला. अंगाने इतका किरकोळ की सैन्याने त्याला परत पाठवलं होतं. मग तो १९१४ च्या अखेरीस पो इथे शिकाऊ मेकॅनिक म्हणून लागला, हँगरमध्ये पडेल ते काम केलं आणि तिथून वैमानिक झाला. माझ्या मते त्याचं मोठेपण त्या हँगरमधून सुरू होतं. इंजिन आणि बंदूक त्याला आतून कळत होती. स्पॅड विमानाचा रचनाकार बेशरो याच्याशी तो सुधारणांबद्दल पत्रव्यवहार करायचा, आणि इंजिनाच्या मधून गोळा सोडणारी ३७ मिलिमीटरची तोफ त्याच्याच आग्रहाने बसवली गेली. ५३ विजय. ११ सप्टेंबर १९१७ ला बेल्जियममध्ये पूलकापेलजवळ तो नाहीसा झाला, तेव्हा २२ वर्षांचा होता. देह मिळालाच नाही. फ्रेंच शाळांमधल्या मुलांना सांगत की गिनमेर इतका उंच गेला की खाली येऊच शकला नाही.

यूजीन बुलार्डचं नाव अजून हवं तितकं घेतलं जात नाही, म्हणून मी मुद्दाम घेतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला कृष्णवर्णीय मुलगा, वर्णद्वेषाला कंटाळून युरोपात पोचला, फ्रेंच सैन्यात पायदळात लढला, व्हर्दाँला जखमी झाला आणि १९१७ मध्ये फ्रेंच लष्करी वैमानिक झाला. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिच्या सैन्याने फ्रान्सकडचे अमेरिकी वैमानिक आपल्याकडे घेतले, बुलार्डला घेतलं नाही. म्हातारपणी तो न्यूयॉर्कमध्ये लिफ्ट चालवायचा. १९५९ मध्ये फ्रान्सने त्याला लेजियाँ दॉनर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. अमेरिकी हवाई दलाने अधिकारीपद दिलं ते १९९४ मध्ये, मृत्यूनंतर ३३ वर्षांनी.

दुसऱ्या महायुद्धातली नावं पुष्कळ आहेत. 'छोटा राजकुमार' लिहिणारा आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकाहून टेहळणीवर निघाला आणि परतला नाही. त्याचं साखळीसारखं कडं १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात आलं. पण मला सांगायचंय ते मोरिस द सेनबद्दल. सोव्हिएत आघाडीवर नॉर्मंडी-निमेन ही फ्रेंच तुकडी याक विमानं उडवत होती. सुरुवातीला मेकॅनिकही फ्रेंच होते, नंतर सोव्हिएत आले. जुलै १९४४ मध्ये तळ पुढे हलवताना द सेनने आपला मेकॅनिक व्लादिमिर बेलोझुब याला मागच्या अरुंद जागेत घेतलं होतं. मेकॅनिककडे पॅराशूट नव्हतं. हवेत इंधन गळू लागलं, वाफेने द सेनला दिसेना. उतरायचे प्रयत्न फसले. खालून उडी मारायचा हुकूम झाला. मागे बेलोझुब होता, म्हणून त्याने उडी मारली नाही. दोघेही गेले. चाळीस वर्षं विमानाखाली काढलेल्या माणसाला ही गोष्ट काय वाटते, ते मला धड लिहिता येत नाही.

पॅरिसला गेलात तर ल बूर्जेचं हवाई संग्रहालय नक्की बघा, अर्धा दिवस हाताशी ठेवून. गिनमेरचं स्पॅड तिथे आहे. सेंत-एक्झ्युपेरीच्या विमानाचे समुद्रातून काढलेले तुकडे आहेत. आणि नंजेसरच्या 'पांढऱ्या पक्ष्या'ची चाकं शोधा. पहिल्या युद्धात ४३ विमानं पाडलेला शार्ल नंजेसर आणि त्याचा सोबती फ्राँस्वा कोली ८ मे १९२७ च्या पहाटे ल बूर्जेहूनच न्यूयॉर्ककडे निघाले. वजन कमी व्हावं म्हणून उडताच चाकांचा सांगाडा खाली टाकला, पलीकडे पाण्यावर उतरायचं ठरलं होतं. त्यानंतर दोघांचा पत्ता लागला नाही. त्या विमानाचा खात्रीने ओळखता येणारा भाग म्हणजे हा सांगाडा, आणि तो तिथे ठेवलेला आहे.