मुलीची हनुवटी एका बाजूला कललेली आहे; लग्नाआधी शस्त्रक्रिया करावी का?

रत्नागिरीहून आपण वीस वर्षांच्या मुलीविषयी विचारले आहे. कोणताही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो; म्हणून आधी तिला दाढा मिटून दात दाखवायला सांगावे आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या मधल्या रेषा जुळतात का, ते पाहावे. त्या जुळत नसतील, तर दोष दातांत किंवा जबड्याच्या हाडात असू शकतो, आणि हाडातला दोष फिलरने (त्वचेखाली टोचून भरायच्या जेलने) केवळ काही काळ झाकला जातो. जबड्याची वाढ थांबल्याची खात्री झाल्याशिवाय लग्नाच्या तारखेसाठी घाई मुळीच करू नये, कारण वाढ चालू राहिल्यास हनुवटी पुन्हा कलते. शिवाय जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी तारा लावून दात ओळीत आणण्यास बहुधा वर्षभर तरी जाते. शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ बधिर राहण्याचा धोका, म्हणजे गरम पेज ओठाला लागली तरी न कळणे, डॉक्टरांनी मुलीलाच समजावून सांगितला पाहिजे.