अमेरिकेत जज नेमताना सिनेटमध्ये एवढी भांडणं का होतात?

तिकडे अध्यक्ष जजचं नाव सुचवतो आणि सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, मतदान करून मंजुरी देतं. भांडणाचं मेन कारण म्हणजे तिकडे सुप्रीम कोर्टाचा जज तहहयात असतो, रिटायरमेंटचं वयच नाही, त्यामुळे एक खुर्ची म्हणजे २५-३० वर्षांचा प्रश्न. पण आधी एवढी भांडणं होत नव्हती, १९८६ ला स्कालियांना ९८-० आणि १९९३ ला गिन्सबर्गबाईंना ९६-३ मतं पडली होती, म्हणजे विरोधी पक्षानेही त्यांच्या बाजूने मतं दिली. मग २०१३ ला डेमोक्रॅट्सनी खालच्या कोर्टांसाठी आणि मंत्री वगैरे नेमणुकांसाठी चर्चा थांबवून मतदान घ्यायला लागणारी १०० पैकी ६० मतांची अट काढली, २०१७ ला रिपब्लिकननी सुप्रीम कोर्टासाठीपण काढली, आता साधं बहुमत पुरतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते गार्लंड प्रकरण. फेब्रुवारी २०१६ ला स्कालिया वारले, मार्चमध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांनी त्यांच्या जागी गार्लंडचं नाव दिलं, पण सिनेटमधले रिपब्लिकन नेते मॅककॉनेल म्हणाले निवडणुकीचं वर्ष आहे, नवा अध्यक्ष ठरवेल, आणि जानेवारीपर्यंत साधी सुनावणीपण घेतली नाही. आणि २०२० ला सप्टेंबरमध्ये गिन्सबर्ग वारल्या तेव्हा त्याच मॅककॉनेलनी निवडणुकीच्या ८ दिवस आधी रिपब्लिकन अध्यक्ष ट्रम्प यांनी सुचवलेल्या बॅरेट यांना ५२-४८ नी मंजुरी मिळवून दिली, डेमोक्रॅट्सचं एकही मत नव्हतं. नियम दोन्ही वेळी एकच लावला असता तर एवढी कटुता आली नसती असं मला मनापासून वाटतं.