'एकास दहा' की 'दहांत एक'?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या प्रयोगशाळेत द्रव मोजून भरणारे स्वयंचलित यंत्र आले आहे. त्याच्या सॉफ्टवेअरच्या मराठी स्क्रीन आम्हीच तयार करतो आहोत. 'डायल्यूशन'साठी तनुकरण लिहावे, विरलन लिहावे की सरळ 'पातळ करणे'? आणि 'सीरियल डायल्यूशन'ला काय म्हणावे?" सोबत एका स्क्रीनचे चित्र जोडले आहे. त्यावर लिहिले आहे 'तनुकरण गुणोत्तर १:१०'.

तनुकरण नको. 'तनु सल्फ्यूरिक अम्ल' हे हिंदी पाठ्यपुस्तकातले. मराठी मुलगा शाळेपासून विरल आम्ल आणि संहत आम्ल असेच शिकतो. आपला शब्द रोजच्या वापरात असताना हिंदीतून दुसरा का आणायचा? आणि कोणी 'सौम्य' सुचवले तर त्याचेही ऐकू नका. आम्ल सौम्य की तीव्र हा त्याचा स्वभाव असतो, विरल की संहत हे त्यातल्या पाण्यावर ठरते. हायड्रोक्लोरिक आम्लात बादलीभर पाणी ओतले तरी ते तीव्र आम्लच, फक्त विरल झालेले. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल सौम्य, मग ते कितीही संहत असो.

आता 'पातळ'. हा शब्द मला फार आवडतो. याचे मूळ पानात आहे. पत्र म्हणजे पान, त्यापासून संस्कृत 'पत्रल', प्राकृतात 'पत्तल', हिंदीत 'पतला' आणि आपल्याकडे 'पातळ'. म्हणजे आमटी पातळ झाली असे म्हणताना आपण ती पानासारखी झाली असे म्हणत असतो! आजी नेसायची ते पातळही याच घरातले, तलम म्हणून पातळ, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शब्द पानाचा असल्यामुळे तो मोजतो जाडी. आमटी, खळ, भिंतीचा रंग यांना तो चपखल बसतो, कारण तिथे दाटपणा कमी होताना डोळ्यांना दिसतो. मिठाच्या १० मिलीमोलर द्रावणात (मिलीमोलर हे संहतीचे, म्हणजे ठरावीक द्रावणात पदार्थ किती आहे याचे माप) बफर, म्हणजे विरल करण्यासाठी घालायचे द्रावण, घालून ते १ मिलीमोलर केले, तर दोन्ही नळ्या सारख्याच पाण्यासारख्या दिसतात. तिथे पातळ काहीच झालेले नाही. कणांमधले अंतर वाढले आहे.

नेमके तेच 'विरल' सांगतो. विरळ केस, विरळ वस्ती, विरळा माणूस. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात 'कदाचित' म्हणून हा शब्द 'बिल' म्हणजे छिद्र याच्याशी जोडलेला आहे. मला ते पटत नाही. छिद्रे चाळणीला असतात, वस्ती विरळ असते तेव्हा तिला भोके पडलेली नसतात. शब्दाचा अर्थ पाहायचा तर कोश मिटून ज्वारीच्या शेतात जावे. पेरणीनंतर रोपे दाट उगवली की शेतकरी मधली रोपे उपटतो आणि उरलेल्यांत अंतर ठेवतो. त्याला तो विरळणी म्हणतो. फरक एवढाच की शेतात रोपे कमी करतात आणि प्रयोगशाळेत जागा वाढवतात. दोन कणांमधली मोकळी जागा हा अर्थ दोन्हीकडे एकच. परिभाषा घडवणाऱ्यांनी 'विरलन' केले, ते चालेल. माझ्या हातात असते तर मी बटणावर 'विरळणी' लिहिले असते.

पण तुमच्या स्क्रीनवरची खरी चूक तुम्ही विचारलेलीच नाही. ती 'गुणोत्तर' या शब्दात आहे.

मी अनेक वर्षे दह्यातले जीवाणू मोजण्याचे काम केले. एका ग्रॅम दह्यात ते कोट्यवधी असतात, तसेच मोजता येत नाहीत. म्हणून प्रत्येक नळीत ९ मिली पेप्टोन पाणी (जीवाणू जिवंत ठेवणारे विरलनाचे पाणी) भरून ठेवायचे, पहिल्या नळीत १ मिली नमुना घालायचा, ढवळायचे, त्यातला १ मिली पुढच्या नळीत, असे सहा वेळा. हेच तुमचे सीरियल डायल्यूशन. मग यंत्र आले. त्यात दोन चौकोन होते, मध्ये दोन ठिपके. नव्या मुलीने १ आणि १० भरले, अगदी रास्तपणे. यंत्राने १०० मायक्रोलिटर नमुन्यात १००० मायक्रोलिटर पेप्टोन पाणी घातले. ९०० हवे होते. एका टप्प्याला दहापटीऐवजी अकरापट. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण सहा टप्प्यांनंतर १०,००,००० च्या जागी १७,७१,५६१ पट विरलन झाले होते. आम्ही शेवटच्या नळीतल्या जीवाणूंपासून बशीत वाढलेल्या वसाहती (जीवाणूंचे ठिपके) मोजून दहा लाखांनी गुणत बसलो आणि खरा आकडा आमच्या उत्तराच्या पावणेदोन पटीहून जास्त होता. दोन दिवस आम्ही विरजणालाच दोष देत होतो.

त्या मुलीची चूक नव्हती. १:१० हे चिन्ह दोन्ही अर्थांनी वाचले जाते: कोणी एक भाग अधिक दहा भाग वाचतो, कोणी एकूण दहा भागांतला एक. सॉफ्टवेअर यातले कोणते धरते हे त्या दोन ठिपक्यांवरून कळूच शकत नाही. मराठीत मात्र हा घोळ होत नाही, कारण आपल्याकडे विभक्ती आहे. गवंड्याला 'एकास चार माल कर' म्हणा. तो एक पाटी सिमेंटला चार पाट्या वाळू घेतो, एकूण पाच. तांदळाला एकास दोन पाणी म्हटले की कोणतीही गृहिणी एक वाटी तांदळात दोन वाट्या पाणी घालते. 'स' हा चतुर्थीचा प्रत्यय संस्कृत षष्ठीच्या 'स्य'पासून आला, हे मत मला पटते: एकाच्या वाट्याचे चार, एकाच्या वाट्याचे दोन. वाटा नेहमी वेगळा मोजायचा.

आणि 'दहांत एक'? हा 'त' म्हणजे 'आंत', आणि 'आंत' म्हणजे संस्कृत 'अंतर्'. दहांच्या आंत एक. तो एक त्या दहांमध्येच मोजलेला आहे, उरले नऊ. म्हणूनच आमच्या नळीत नेहमी ९ मिली असायचे. 'लाखांत एक' म्हणताना तो एक लाखाबाहेर उभा आहे असे कोणी समजत नाही. एवढा नेमकेपणा बोलीत असताना 'गुणोत्तर १:१०' लिहून तो पुसून टाकणाऱ्या भाषांतरकारांचा मला खरोखर राग येतो.

तेव्हा चौकोनावर 'दहांत एक' लिहा आणि त्याखाली तीन आकडे दिसू द्या: नमुना १००, बफर ९००, एकूण १००० मायक्रोलिटर. सीरियल डायल्यूशनला 'क्रमिक विरलन' चालेल, पण मला 'विरलनाची उतरंड' जास्त आवडेल. उतरंडीत जसे मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान, तशीच इथे प्रत्येक वेलमधली (यंत्राच्या ताटलीतल्या खळग्यातली) संहती मागच्या वेलच्या दहाव्या हिश्श्यावर येते. शेवटच्या वेलमधून १०० मायक्रोलिटर काढून टाकण्याची सूचनाही त्याच स्क्रीनवर हवी, नाहीतर तिथे १००० आणि बाकी सगळीकडे ९०० उरतील.