उत्तर: विस्बी एका दिवसात होईल का? (आधी ते ‘व्ही. ३२’ नीट वाचा)

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. आई-बाबा पुण्याहून येणार, त्यांना ऑगस्टमध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचं विस्बी दाखवायचंय, एक दिवस पुरेल का, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल का, आणि जाता जाता विचारलेला तो शेवटचा प्रश्न: “घरमालकाच्या मेलमध्ये ‘व्ही. ३२ फुल्ल, व्ही. ३३ चालेल’ असं आहे, म्हणजे ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा ना?” बाकीचं सगळं सोडून मी आधी याच प्रश्नावर येतो. बोट कुठून, तिकीट कसं काढायचं हे तुम्ही बघितलंच असेल.

स्वीडनमध्ये माणसं तारखेने नाही, आठवड्याच्या नंबराने जगतात. शाळेची सुट्टी, प्लंबरची वेळ, सगळं ‘वेक्का अमुक’. वेक्का म्हणजे आठवडा, तुमच्या मेलमधलं ‘व्ही.’ ते हेच. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो आठवडा नंबर एक. मी माझ्या आई-बाबांना तिथे नेलं तेव्हा हे मला माहीत नव्हतं. आयटीतला माणूस, त्यामुळे कॅलेंडर उघडण्याऐवजी स्प्रेडशीट उघडली. साध्या सूत्राने, एक जानेवारीचा आठवडा पहिला धरून, रविवार ते शनिवार असे आठवडे मोजले. २०२२ साली एक जानेवारी शनिवारी होता, त्यामुळे माझा ‘३३’ निघाला ७ ऑगस्टपासून. स्वीडिश ३३ सुरू होत होता १५ तारखेला. काही वर्षी दोन्ही हिशोब जुळतात, काही वर्षी एकाने सरकतात. मला नेमकं सरकणारं वर्ष मिळालं.

खोली एका बुकिंग ऑफिसमार्फत घेतली होती (नाव विचारू नका, व्यक्तिगत निरोपातही सांगणार नाही). त्यांच्या पुष्टीपत्रात तारीख कुठेच नव्हती, फक्त ‘व्ही. ३३, सोम–गुरू’. मी मेल करून विचारलंही होतं की आम्ही सोमवारी संध्याकाळी पोचतोय, चालेल ना? उत्तर आलं, “हो, सोमवार.” कोणता सोमवार हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ८ ऑगस्टला आम्ही सव्वातीन तासांच्या बोटीतून उतरलो आणि दगडी रस्त्यावरून ट्रॉली ओढत निघालो. अर्ध्या वाटेत बाबांच्या बॅगेचं एक चाक दोन दगडांच्या फटीत अडकून निघून आलं. ते चाक हातात धरून बाबा उभे, आणि समोरून लोखंडी जाळीचा अंगरखा घातलेला एक माणूस आइस्क्रीम खात येतोय. आई म्हणाली, “इथे शूटिंग आहे का रे?”

शूटिंग नव्हतं. तो आठवडा नंबर ३२ होता. १९८४ पासून जवळजवळ दर वर्षी त्या आठवड्यात विस्बीत मध्ययुगीन उत्सव भरतो. अर्धं गाव जुन्या वेषात, घोड्यांवरून भाल्यांच्या झुंजी, बाजार. बघायला बहारदार, पण झोपायला एक खाट रिकामी नाही. ऑफिसला फोन केला तर बाईंनी शांतपणे सांगितलं की पत्रात आठवडा स्पष्ट लिहिलाय, तुमची खोली पुढच्या सोमवारी तयार असेल. पैसे परत? नाही. तारीख बदलून? ३२ फुल्ल आहे. आणि मग “तुमचा दिवस छान जावो”. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर मी फोन ठेवला. अजूनही ते वाक्य ऐकलं की माझं बीपी वाढतं. चूक माझीच होती, मान्य. पण परदेशी माणसाला कागदावर एक तारीख छापून द्यायला किती शाई लागते?

शेवटी कॅफेमधल्या एका बाईंनी चार फोन फिरवले आणि रोमा नावाच्या गावाजवळ एका शेतावर दोन खोल्या मिळवून दिल्या. रोम नव्हे, रोमा. तिथे सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठाचे अवशेष आहेत, ११६४ सालचा मठ. आम्ही ठरवून तिथे कधीच गेलो नसतो. शेतावरचे आजोबा पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, “ती भिंत बघायला आलात ना? ती आमच्यासाठीच बांधलीय. आम्ही आत येऊ नये म्हणून.”

आणि हे खरं आहे. विस्बीची तटबंदी जवळजवळ साडेतीन किलोमीटर, बरीचशी तेराव्या शतकातली. आपण किल्ला म्हटलं की शत्रू समुद्रातून किंवा घाटाखालून येणार असं धरतो. इथे १२८८ साली शहरातले व्यापारी आणि बेटावरचे शेतकरी यांच्यातच युद्ध झालं होतं. पुढे २७ जुलै १३६१ ला डेन्मार्कचा राजा वाल्देमार आला तेव्हा सुमारे १८०० गॉटलंडवासी याच भिंतीबाहेर कापले गेले. शहराने दरवाजे उघडले ते नंतर, राजासाठी. गॉटलंड म्युझियममध्ये त्या सामूहिक कबरींतल्या कवट्या आहेत, काही अजून जाळीच्या टोपात अडकलेल्या. बाबा तिथे पंधरा मिनिटं गप्प उभे होते. म्युझियम चुकवू नका. १९९९ मध्ये एका शेतात सापडलेलं ६७ किलो चांदीचं घबाड तिथेच आहे, त्यातली बहुतेक नाणी अरबी.

आता एक दिवस पुरेल का. माझं मत: नाही. सकाळची बोट, संध्याकाळची बोट, मध्ये म्हातारी माणसं पळवायची, त्यात मजा नाही. किमान दोन रात्री. (ज्यांना नुसते फोटो हवेत त्यांना एक दिवस पुरतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही.)

गुडघ्यांचं विचारलंत म्हणून सांगतो. मी डॉक्टर नाही, पण विस्बी उतारावर वसलंय, वरचं गाव आणि खालचं गाव. टॅक्सीने थेट वर, पूर्वेच्या ओस्टरपोर्ट दरवाजाशी उतरा आणि दिवसभर खाली उतरत या. वाटेत मुख्य चौकातलं सेंट कारिनचं छप्पर नसलेलं चर्च लागेल. असे अवशेष गावभर आहेत, पण सगळे बघायचा हट्ट धरू नका, तिसऱ्यानंतर आई-बाबा बाकडं शोधायला लागतात. कॅथेड्रलमागच्या जिन्यावरून छपरं आणि समुद्र एकदम दिसतात. १२२५ मध्ये पवित्र केलेलं हे चर्च जर्मन व्यापाऱ्यांचं. आई-बाबांना जिना चढायला लावू नका, वरूनच तिथे आणा. शेवट आल्मेडालेन बागेत. मध्ययुगात तिथे बंदर होतं, आता तळं आणि बदकं आहेत. शेजारचा क्रुट्टोर्नेट हा बुरूज तटाहूनही जुना. त्याच बागेत जूनच्या अखेरीला राजकारण्यांचा आठवडा भरतो. तेव्हाही खोल्यांची तीच बोंब असते, त्यामुळे तोही टाळा.

खाण्यात केशराचं पॅनकेक जरूर घ्या. नाव पॅनकेक असलं तरी तो भाताचा, ओव्हनमध्ये भाजलेला वडीसारखा तुकडा असतो, वर साय आणि तिथल्या रानटी बेरींचा मुरांबा. आईने एक घास घेऊन जाहीर केलं की हा केशरीभातच आहे, फक्त लवंग विसरलेत. पण त्यात अंडं असतं! आमच्याकडे हे खाऊन झाल्यावर कळलं आणि परतीच्या बोटीत बराच वेळ कोणी कोणाशी बोललं नाही. तुमच्याकडे चालत असेल तर प्रश्न नाही.

हे सगळं २०२२ चं. वेळापत्रकं, तिकिटं बदलली असतील, स्वतः बघून घ्या. चाकाच्या बॅगा मात्र नेऊ नका, पाठीवरच्या न्या.

आणि घरमालकाला आजच एका ओळीचा मेल टाका: “व्ही. ३३ म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, महिन्यासकट लिहून द्या.” उत्तर आलं की इथे टाका, मग बोटीचं तिकीट काढा. आधी नको.